बशीतली बुरशी

टोमॅटोवर करपा रोग आणणाऱ्या बुरशीला लवंगेच्या तेलाने आळा बसतो का, हे प्रयोगशाळेत तपासायचं काम सरांनी आपल्या विद्यार्थिनीकडे दिलं होतं. औषध घातलेल्या काचेच्या बशीत बुरशी मरायला हवी आणि औषध न घातलेल्या बशीत ती जोमाने वाढायला हवी, तरच औषध खरं. पण ही बुरशीबाई दोन्हीकडे उगवायलाच तयार नव्हती.

"अगं, घरी पावावर न बोलावता येते आणि इथे तुला साधी बुरशी वाढवता येत नाही?" सर रोज बशीचं झाकण उघडायचे, वाकून आत बघायचे आणि मोठा उसासा टाकायचे. तिने बशा बदलल्या, हातमोजे बदलले, बुरशीसुद्धा नवी आणली. उद्या बागायतदार प्रयोग बघायला येणार होते.

आज सरांनी झाकण उघडून उसासा टाकला, तेव्हा ती अगदी शेजारी उभी होती. तेलाची बाटली कपाटात बंद होती, तरी लवंगेचा घमघमाट सुटला.

"सर, तोंडात काय आहे?"


सरांनी गालातला ऐवज दुसऱ्या गालात सरकवला. "लवंग. महिनाभर दाढ ठणकतेय माझी. पण तू विषय बदलू नकोस, बुरशीचं बोल!"