बाराव्या प्रकरणाची चाल

समृद्धीच्या हळदीला बेंजो विकीचाच होता. कोपरीत हळद म्हटली की दुसरा कुणी आठवतच नाही, त्यामुळे बाबांना त्यात वावगं काही वाटलं नाही. वाटणार तरी कसं? कॉलेजात असताना खोपटच्या एसटी डेपोतल्या बाकावर बसून समृद्धी आणि विकीने बारा प्रकरणांची एकच प्रेमकादंबरी चार वेळा वाचलेली, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. "हिचा पिक्चर निघाला ना, तर म्युझिक माझं," विकी म्हणायचा. बाराच्या बारा प्रकरणांना त्याने चाली बांधल्या होत्या. शेवटच्या प्रकरणात नायिका भरल्या मांडवातून उठते आणि आपल्या प्रियकराकडे चालत जाते. "ती चाल वाजव, मीपण उठेन," समृद्धी तेव्हा हसत म्हणालेली.

आज पोरं बेभान नाचत होती, काकी-मावश्या गालांना हळद फासत होत्या, आणि विकी ओळीने एकेक प्रकरण वाजवत होता. समृद्धी मनात मोजत होती. अकरावं संपलं तेव्हा तिने चौरंगावरून पाय हळूच खाली सोडले.

बेंजो थांबला.

"आरं विकी, आजून येक होऊन जाऊ दे!" बाबा ओरडले.

विकीने एकदाच तिच्याकडे पाहिलं. "नाय काका, पुढचं बसवायचं राहूनच गेलं," म्हणाला आणि त्याने बेंजोवर कापड टाकलं.

समृद्धीने पुन्हा मांडी घातली. बारावी चाल तर त्याने सगळ्यात आधी बसवली होती.