बिजलीच्या कानाची चिमूट

"नखाएवढा तुकडा घे. अख्खा कान कापशील, धसमुसळ्या!" चंद्रप्रकाश शेठ खुर्चीतूनच ओरडले.

अंबादासने मान हलवली. हरियाणातल्या प्रयोगशाळेने पाठवलेला बर्फाचा डबा त्याच्या हातात होता. दहिसर नदीकाठच्या त्या तबेल्यात बावीस म्हशी होत्या, पण शेठ नावानं ओळखत फक्त बिजलीला. दिवसाला चोवीस लिटर दूध! तिच्या कानाच्या कातडीतून हुबेहूब दुसरी बिजली जन्मणार होती.

"आणि हा ऐतखाऊ सोन्या शुक्रवारी खाटकाकडे," शेठनी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या रेड्याकडे बोट केलं. "इंजेक्शनं आली, आता क्लोन आले. बाप नावाचं जनावरच बाद झालं."

"शेठ, राहू द्या ना. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय त्याला मी."

"खानदान कळतं का रे तुला? ना त्याच्या आईचा पत्ता, ना बापाचा..." शेठनी अंबादासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला काय सांगायचं म्हणा! जा, काम कर."

फॉर्मवर फोन नंबर लिहायची वेळ आली तेव्हा शेठनी जांभई दिली. "तुझाच टाक. त्या डॉक्टर-बिक्टरांशी डोकं कोण लावणार? मला फक्त माल पाहिजे."

संध्याकाळच्या धारेलाही बिजलीने नेहमीइतकंच दूध दिलं. लाथ नाही, कुरकुर नाही. "याला म्हणतात खानदानी! कानाला सुरी लागली, पण चेहऱ्यावर दाखवत नाही," शेठ खूश झाले.

डबा गेला. शुक्रवारी सोन्याही गेला. अंबादासने त्याच्या कानाला हळद फासली होती. "खाटकाकडे चाललाय की बोहल्यावर?" म्हणत शेठ इतके हसले की बशीतला चहा सांडला.

मग अधूनमधून हरियाणाचा फोन यायचा. अंबादास बाजूला जाऊन "हो, बरोबर आहे, तेच हवंय," म्हणायचा.

"काय म्हणतात रे?"

"तब्येत झकास आहे, शेठ."

दीड वर्षाने टेम्पो आला. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे तबेलेवाले शेठनी मुद्दाम जळवायला बोलावले होते. बँडबाजा होता. बॅनरवर बिजलीचा फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा शेठचा. पाठीपासून गुडघ्यापर्यंत जरीची झूल घातलेलं काळंभोर रेडकू फळीवरून उतरलं आणि बिजलीकडे ढुंकूनही न बघता थेट अंबादासला जाऊन चिकटलं.

"बघा!" शेठ माईकवर गरजले. "हलकं माणूस कोण, मालक कोण, ते हिला अजून कळायचंय. पण रक्त बिजलीचं! असली चीज ओळखायला नजर लागते!"

शेठच्या पत्नी, क्षमावहिनी, आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. बँड थांबला. त्या शांततेत नव्या बिजलीने पाय फाकवले आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मुतायला सुरुवात केली. शेपटीखालून नव्हे. पोटाच्या मधोमध, झुलीची जर भिजवत.

अंबादासने हळूच त्याच्या मानेवर हात ठेवला.

"सोन्या, लोक बघतायत रे."