उजव्या हाताचे लाड

पेच्चियम्माळचा डावा हात भरून येत होता. उजवा चिघळत होता. बाई एक. दोन्ही हात एकाच भडक्यात, सारख्याच खोलीपर्यंत भाजलेले. दोन्हींवर एकाच खोक्यातली, चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर दिलेली पट्टी. आज अकरावा दिवस.

"उद्या सकाळी उजव्याची तीन बोटं काढावी लागतील," सर्जन तिरुमलै म्हणाले. शिवकाशीच्या त्या जळीत कक्षाला हे वाक्य नवे नव्हते. पण पेच्चियम्माळ फटाक्यांच्या कारखान्यात वाती बसवत असे, आणि वात त्याच तीन बोटांनी बसते.

तिरुमलै यांचा संशय चांदीवर होता. हे कण जंतूंना मारतात. प्रमाण वाढले, तर नव्या त्वचेच्या पेशींनाही मारू शकतात. मग डावा हात कसा वाचला? हे त्यांना शोधायचे होते. म्हणून त्यांनी त्या दिवशीची पट्टी स्वतःसमोर बदलायला सांगितली.

सिस्टर अर्पुदम एकवीस वर्षे पट्ट्या बांधत होत्या. त्यांनी उजवी जखम सलाईनने स्वच्छ धुतली, नवी पट्टी सलाईनमध्येच भिजवली आणि हलक्या हाताने बसवली. बाटली रिकामी झाली.

"लाडानं बिघडलाय तो, डॉक्टर ऐया," पेच्चियम्माळ दात आवळून हसली. "आधी मान त्याला, सगळी बाटली त्याला. डावा सावत्र पोर. त्याला नुसतं पाणी!"

"तू गप गं, पेच्ची," अर्पुदम ओशाळल्या. "डॉक्टर, दर पेशंटला रोज बाटली एकच मिळते. उजवा कामाचा, जेवणाचा हात, म्हणून तो आधी करते. मग डाव्यासाठी इंजेक्शनचं डिस्टिल्ड वॉटर फोडते. चुकलंच माझं."

"चुकलं," तिरुमलै म्हणाले, "पण डाव्याच्या बाबतीत नाही."

त्यांनी कोऱ्या पट्टीचा तुकडा तासभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवला आणि ते पाणी परीक्षानळीत पिळले. पाणी नितळ होते. त्यात त्यांनी सलाईनचे चार थेंब सोडले. नळी पांढुरकी, गढूळ झाली.

"अगं बाई, ताक झालं की याचं!" पेच्चियम्माळ म्हणाली.

अर्पुदम पुढे झाल्या. उजव्या हातावरची मघाशी बांधलेली पट्टी त्यांनी सोडायला घेतली.

एका नळीवरून निष्कर्ष काढणे तिरुमलै यांना मान्य नव्हते. त्यांनी शस्त्रक्रिया तीन दिवस पुढे ढकलली. औषधे तीच, पट्टी तीच, बांधणारे हातही तेच ठेवले. बदलले फक्त पाणी. चौथ्या सकाळी पू आटला होता आणि जखमेच्या कडेने लालसर, जिवंत मांस धरू लागले होते. शस्त्रक्रियेच्या यादीतून पेच्चियम्माळचे नाव खोडले गेले.

कक्षाच्या नोंदवहीत अर्पुदम यांनी कारण स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. पट्टीतून सुटणारी चांदी मिठातल्या क्लोराइडशी बांधली जाते आणि जंतूंपर्यंत पोहोचत नाही. उजव्या हाताला अकरा दिवस चांदी मिळालीच नाही. ती मी दररोज, अधिक काळजीने, निकामी करत होते.'