ठोका

देविदासच्या जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन ठोकायला लागलं, तेव्हा तांड्यावरच्या एकानं ठिणगीची वेळ मागं सरकवून तो ठोका बंद करून दिला. पण गाडी चढावर दम टाकू लागली, तापू लागली. शेवटी देविदासनं ती युसूफ मिस्त्रीकडं आणली.

युसूफनं इंजिनाचं पुढचं झाकण खोललं.

"कॅमची साखळी एक दात सरकून बसली, देविदासभाऊ. व्हॉल्व अवेळी उघडून राहिले, म्हणून ठोकत व्हती. तुमी बिघाड तसाच ठेवला आन् नुसता आवाज बंद केला."

"मला वाटलं, आवाज गेला म्हंजे बरी झाली."

"बरी कशाची? आतल्या आत जळून राहिली ती."

देविदास ओशाळला. विषय बदलायचा म्हणून त्यानं विचारलं, "तुमची लेक महेजबीन काय म्हणते? हट्ट्याला सासरी रमली का?"

"रमली की. आधी रोज फोनवर रडायची. आमी समजावलं, जरा सोस, जमवून घे. आता चकार शब्द काढत न्हाई..."

युसूफच्या हातातला पाना थांबला.

"गाडी उद्या न्या," हात पुसत युसूफ उठला. "मला आत्ताच्या आत्ता हट्ट्याला जायचंय."