पाळीतला चहा

कुमुदताईंच्या मनगटावरचा पट्टा त्यांच्या छातीतली धडधड थेट रिॲक्टरच्या व्हॉल्व्हला कळवायचा. बिघाडाची चाहूल यंत्राआधी ऑपरेटरला लागते, म्हणून धडधड वाढली की व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायची ही सोय. त्यामुळे पाळीवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हा कारखान्याचा रिवाजच होता.

आज त्यांच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं, पण बदली माणूस मिळाला नाही म्हणून त्या कामावर आल्या होत्या. दुपारी, एरवी सगळ्यांवर खेकसणारे पाळीप्रमुख तांडेलसाहेब स्वतः चहा घेऊन आले.

"साखर बरोबर आहे ना, ताई?" नजर न उचलता त्यांनी विचारलं.

कुमुदताईंनी कप हातात घेतला आणि साहेबांच्या खाली गेलेल्या नजरेकडे पाहिलं. पडद्यावर व्हॉल्व्ह भराभर बंद व्हायला लागला, सायरन वाजला.

"कुणी सांगितलं यांना?" साहेब दाराकडे वळून ओरडले.

कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुम्हीच, साहेब."