शेठचे दोन टक्के

डबी खिशातून काढण्याआधी रूपेशने चार चहा सांगितले, तेव्हाच सहदेवने त्याला ओळखलं. माणूस आपल्याच धंद्यातला. चहा पोटात गेला की गिऱ्हाईक उठून जायला लाजतं, हे जमिनीची दलाली करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. खालापूर तालुक्यातले कितीतरी प्लॉट सहदेवने याच चहावर मुंबईकरांच्या गळ्यात मारले होते.

रविवारी त्याच्या साईराजचा साखरपुडा. हिऱ्याच्या अंगठीचे पैसे पोरगा स्वतःच्या पगारातून देणार होता आणि त्याला ती मोबाइलवरून मागवायची होती. तिथे हिऱ्याचा दाखला असतो, भाव लिहिलेला असतो, असं तो आठवडाभर सांगत होता. सहदेवला त्याची कीव आली होती. भाव लिहिलेला तर बसच्या तिकिटावरही असतो. ज्याला घासाघीस जमत नाही त्याने खुशाल मोबाइलवर बोटं फिरवावीत. शिवाय त्या यंत्रावर त्याचा जुना राग होता. सातबारा मोबाइलवर दिसायला लागल्यापासून कुणीही सोम्यागोम्या जमिनीची कुंडली काढूनच त्याच्यासमोर बसायचा.

म्हणून सौदा त्याने आपल्याकडे ओढून घेतला आणि साईराज आणि होणारी सून आरोही अशा दोघांना घेऊन तो चौक गावाजवळच्या जुन्या हायवेवरच्या हॉटेलात आला. समोर कर्जतचा दलाल रूपेश. त्याची म्हणे मुंबईच्या हिरेबाजारात रोजची ऊठबस होती.

रूपेशने डबी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग म्हणाला, सकाळीच खोपोलीची एक पार्टी बघून गेली. मग म्हणाला, मालक घरातलाच माणूस आहे. दाखलाही मालकाकडेच, पैसे पोचले की हातात. सहदेव गालातल्या गालात हसत होता. सगळी त्याचीच वाक्यं, फक्त हा ती घाईने टाकत होता. असल्या कच्च्या पोराला गुंडाळायला कितीसा वेळ लागणार.

शेवटी डबी उघडली. रूपेश आरोहीला म्हणाला, ताई, घालून तर बघा, घ्या असं कुठं म्हणतोय. सहदेवही गिऱ्हाइकाला असंच मोकळ्या माळावर उभं करून विचारायचा, किचन कुठं काढणार? एकदा माणसाने मनात किचन काढलं की प्लॉट विकला गेला. आरोहीने अंगठी घातली. हिरा चांगलाच चमकत होता.

मग सहदेव कामाला लागला. रागावून उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला. अर्ध्या तासात त्याने भाव चांगला चाळीस हजारांनी उतरवला आणि पोराकडे वळला.

"बघितलंस? तुजा मोबाइल एक रुपाया तरी खाली आला असता काय रं?"

आरोहीने रूपेशला दाखल्याचा नंबर विचारला. ती सेतू केंद्रात बसायची. दिवसभर लोकांना सातबारे काढून देऊन तिला सवयच लागली होती, नंबर टाकून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. रूपेश म्हणाला, नंबर काय, येईल नंतर. तर मग राहू द्या, म्हणत ती अंगठी काढायला लागली, तेव्हा त्याने तो सांगितला.

तिने मोबाइलवर नंबर टाकला, वाचलं आणि मोबाइल सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. वजन बरोबर होतं, रंग बरोबर होता. खाली लिहिलं होतं की हा हिरा खाणीतला नाही, प्रयोगशाळेत तयार केलेला आहे. साईराजने पसंत केलेला हिराही तसलाच होता. पण त्याचा भाव याच्या निम्मासुद्धा नव्हता आणि तिथे ही गोष्ट सगळ्यात वर लिहिलेली होती.

सहदेवने टेबलावर हात आपटला. मला फसवतोस काय, म्हणून तो ओरडला.

रूपेश गार झालेल्या चहाचा घोट घेत होता. "तुमी विचारलंच नाय, शेठ."

गेल्या वर्षी सहदेवने विकलेल्या लोधिवलीच्या प्लॉटला रस्ता नाही हे कळल्यावर एक रिटायर्ड मास्तर त्याच्या दारात आले होते. त्यांना त्याने हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि असाच चहा पीत.

"आणि आवाज चढवू नका," रूपेश म्हणाला. "तुमचे दोन टक्के यातच धरलेत ना मी?"

साईराजने बापाकडे बघितलं. दोन टक्के दलालीचं सहदेव रूपेशशी फोनवर बोलून गेला होता, कुठल्याही सौद्याच्या शेवटी बोलायचा तसंच. या खेपेला गिऱ्हाईक आपलं पोरगं आहे, हे तेव्हा त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"धंद्याची रीत असते रं," तो म्हणाला.

आरोहीने अंगठी काढून डबीत ठेवली आणि डबी बंद केली. ती भांडली नाही.

"मामा, साखरपुडा रविवारीच होईल," ती होणाऱ्या सासऱ्याला म्हणाली. "अंगठी आमची आम्ही मागवतो. तुम्ही फक्त जेवायला या."

गल्ल्यावर तिने दोनच चहांचे पैसे दिले, तिचा आणि साईराजचा. दोघं बाइकवर बसून खालापूरच्या दिशेने निघून गेली.

रूपेशने डबी खिशात टाकली. त्याच्या चेहऱ्यावर शरम औषधालाही नव्हती. "शेठ, माझ्या मेव्हण्याला प्लॉट बघायचाय," तो म्हणाला. "लोधिवलीकडं हाय काय एखादा?"

सहदेवने बाइक गेली त्या रस्त्याकडे एकदा बघितलं. मग त्याने हात वर केला आणि दोन चहा सांगितले.