विसरलेला ठोकळा

चार महिने शेडमध्ये उभा असलेला छोटा ट्रॅक्टर सासऱ्यांनी सुरू केला खरा, पण क्लच गंजून असा चिकटला होता की गिअरच पडेना. सून चक्रावली. ट्रॅक्टर ठेवून देताना क्लच दाबलेला राहावा, चिकटू नये म्हणून सासरे दरवर्षी न चुकता पेडलला लाकडी ठोकळा अडकवायचे.

“बाबा, यंदा ठोकळा नाही लावला?”

“विसरलो बुवा. म्हातारपण, दुसरं काय!” गुडघा चोळत ते खाली उतरले. “आता तूच चढ वर.”

ज्या सीटवर त्यांनी पोटच्या पोरालाही कधी बसू दिलं नव्हतं, तिथे ती जीव मुठीत धरून बसली. सासरे खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकू लागले. “आधी बंद कर. आता गिअर टाक, क्लच पूर्ण दाब आणि चावी फिरव. उडी मारेल, भिऊ नकोस! मोकळ्यावर गेलीस की क्लच न सोडता ब्रेक हाण!”

ट्रॅक्टर उधळला. तिसऱ्या ब्रेकला खाडकन आवाज झाला आणि चिकटलेला क्लच मोकळा झाला. मग तिने उगाचच शेताला आणखी तीन फेऱ्या मारल्या. सासरे एकदाही ‘पुरे’ म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ती शेडमध्ये ठोकळा शोधू लागली, तेव्हा सासूबाईंनी तो आणून तिच्या हातात ठेवला.

“कुठे सापडला?”

“यांच्या कपाटात, स्वेटरच्या घडीत. विसरतात कसले! ‘आता तू चालव’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून चार महिने लपवून बसले होते.”